शंभर रुपयांची कपात

दिल्ली, २२ मार्च

बाबा, तुम्हाला आणि आईला रविताचा नमस्कार.

मी बरी आहे. उन्हाळी धानाला इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं का? फोनवर आई शेजारी असते, म्हणून हे लिहिते.

आपला टिकेश सीमेवरच्या चौकीवरून फोनवर म्हणाला होता, "ताई, बुटात बर्फाचं पाणी शिरून राहिलं. कोणाले सांगू नको." मला राहवलं नाही. लोकसभा लष्कराच्या वर्षभराच्या खर्चाला मंजुरी देते, तेव्हा तक्रार मांडायला त्यात नाममात्र शंभर रुपयांची कपात सुचवतात. मी आपल्या ज्या खासदारांच्या कार्यालयात काम करते, त्यांच्यासाठी तशी सूचना मीच लिहिली. पाटीवर शिकवताना तुम्ही म्हणायचात, अर्धवट लिहू नये. म्हणून चौकीचं नावही घातलं.

चर्चा झालीच नाही. वेळ संपला आणि सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या एकदम, आवाजी मतदानानं मंजूर झाल्या. सूचना मात्र छापून सगळीकडे गेली. त्या चौकीवर आपल्या भागातला जवान टिकेश एकटाच आहे. तक्रार त्याचीच, हे त्याच्या साहेबांना कळायला कितीसा वेळ लागणार?

चार दिवस तो माझा फोन उचलत नाही. तुमच्याशी बोलला का? बोलला तर बुटांचं विचारू नका. नुसता आवाज कसा होता, तेवढं कळवा.

तुमची,
रविता