पैलवानाची बरोबरी

प्रिय,

सवयीने लिहिलंय, गैरसमज नको.

काल कोर्टाच्या व्हरांड्यात दीड तास बाकड्यावर बसले. तू पुन्हा आला नाहीस. याआधी एकदा तुझं पोट बिघडलं, एकदा फाइल घरी राहिली, दोनदा वकील गावाला गेले. घर तुला दिलं. आपण मिळून बनवलेल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमचे, आपल्या 'पैलवाना'चे, हक्कही दिले. घटस्फोटाच्या कागदावर उरली फक्त तुझी सही. फोनवर म्हणालास, "सगळं तुझ्या मनासारखं ठरलंय ना, मग घाई कसली?"

हे मी आधी ऐकलंय. प्रोग्रॅमांच्या त्या स्पर्धेत शेवटच्या डावात आपल्या पैलवानाकडे राजा आणि हत्ती होता, समोर नुसता राजा. कालच खेळ शिकलेल्यानेही मात केली असती. पैलवान मात्र हत्ती एक घर उजवीकडे न्यायचा, मग एक घर डावीकडे. लोक हसू लागले तेव्हा तू हाताची घडी घालून म्हणालास, "जिंकलेलाच आहे तो, घाई कसली?" पन्नास चाली अशाच गेल्या आणि नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला. पहिलं बक्षीस गेलं. चार दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस, जणू हत्ती मीच हलवत होते.

चूक साधी होती. जिंकून देणाऱ्या प्रत्येक चालीला तू शंभर गुण दिले होतेस. मात दोन चालींत होवो की वीस, गुण तेवढेच. त्याला जिंकणं कळत होतं, संपवणं कळत नव्हतं. लांबलेल्या प्रत्येक चालीमागे एक गुण कापला असता तरी पुरे होतं.

हे मला स्पर्धेच्या आठ दिवस आधी दिसलं होतं. एका ओळीचं काम. पण त्याच संध्याकाळी पाहुण्यांसमोर तू म्हणालास, "डोकं माझं, ही नुसती टायपिंग करते." मी गप्प बसले. तुझं तुलाच दिसेल असं वाटलं म्हणून गप्प बसले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. काल कोर्टातून आल्यावर डायरी काढून पाहिली. त्या तारखेखाली माझ्याच अक्षरात आहे: "सांगणार नाही. हरू दे." खोडलेलंही नाही.

आज सांगतेय ते माफीसाठी नाही. मला पटावर ठेवण्यात तुला मजा येतेय. हे वाचल्यावर ती येणार नाही, माझं तोंडही पाहावंसं वाटणार नाही. ते कायमचं टळावं म्हणून मंगळवारी अकराला कोर्टात एकदा पाहावं लागेल. पेन मी आणते.

अजून कागदोपत्री तुझीच,
टायपिस्ट