दुसऱ्या दिवसाचा झोपाळा

६ जानेवारी

पुन्हा शून्य. सकाळच्या राउंडला नऊ जणांना विचारलं, दुखणं शून्य ते दहात किती? सहा शून्य. दोन एक. गोंडल रोडच्या एका काकांनी सांगितलं, "तुम्हाला सोयीचं पडेल ते लिहा, बेन."

कालच गुडघा बदललेल्या माणसाचं दुखणं शून्य असू शकत नाही.

माझ्या अभ्यासात दोन गट आहेत. एकाला जांघेत इंजेक्शन. ही जुनी पद्धत: दुखणं थांबतं, पण मांडीही लुळी पडते, आणि उतरलं की दुखणं एकदम अंगावर येतं. दुसऱ्याला मांडीच्या मध्यावर आणि गुडघ्याच्या मागे. दुखणं कमी, ताकद शाबूत — निदान मी तसं मांडलं आहे. कोणाला कोणतं दिलं, हे फक्त भूल देणाऱ्या डॉ. बुखारींना ठाऊक. मला नाही, रुग्णाला नाही, ऑपरेशन करणाऱ्या वसावडा सरांनाही नाही.

सगळेच शून्य म्हणाले तर दोन्ही गट सारखे.

१० जानेवारी

वसावडा सर चहा पिताना म्हणाले, "क्रिना, माझे पेशंट तर सगळे मजेत आहेत. तुझं इंजेक्शन घेऊन मी काय करू, लोणचं घालू?"

सगळे हसले. मीही, थोडी.

मार्चमध्ये समितीची बैठक आहे. फरक दिसण्याची शक्यता नसेल तर अभ्यास बंद. मग राजकोटच्या या दवाखान्यात पुढची कित्येक वर्षं जांघेतलंच इंजेक्शन चालेल.

११ जानेवारी

रविवार. मम्मीला सावरकुंडल्याला फोन. "कशी आहेस?" "मजेत." तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, माझ्याकडेही.

फोनमध्ये मागे झोपाळ्याच्या कड्यांची करकर असायची, ती हल्ली येत नाही. तेल घातलं असावं. बरं केलं.

१५ जानेवारी

उत्तरायणात, संक्रांतीला, मोडलेले हातपाय. पतंगांच्या नादात छतांवरून सहा जण पडले. गुडघ्यांची ऑपरेशनं पुढे ढकलली.

२० जानेवारी

समजुबा. वय बाहत्तर, काल उजवा गुडघा बदलला. कानांच्या पाळ्या सोन्याने ओघळलेल्या. सरांनी विचारलं, "केम छो, बा?"

"मजेत, भाई. तुमचे हात सोन्याचे आहेत."

मी शून्य लिहिलं. सर पुढे गेले. दक्षाबेन सिस्टर उशीचा अभ्रा बदलायला आल्या, तर त्याचा एक कोपरा ओला आणि चावून चावून फाटलेला.

"बा, हे काय?"

"उंदीर असतील तुमच्या दवाखान्यात."

"उंदराला कवळी असते वाटतं," दक्षाबेन म्हणाल्या.

समजुबा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "पोरी, त्या भाईने घाम गाळून गुडघा बसवला. त्याच्या तोंडावर दुखतं म्हणायचं? जेवायला बोलावणाऱ्याला डाळ खारट आहे सांगतात का कुणी?"

शून्य खोडलं नाही. जे सांगितलं ते सांगितलं. पण आता त्या शून्यांवर माझा विश्वास उरलेला नाही.

२१ जानेवारी

पप्पा तराजू बनवायचे. नवा तराजू आधी रिकामा उचलून बघायचे. काटा मधोमध उभा राहिला तरच वजन ठेवायचे. आणि मी तीन महिने माल तोलते आहे.

संध्याकाळी. वॉर्डच्या गॅलरीत एक मोठा झोपाळा आहे, कुणा दात्याने दिलेला. एरवी नातेवाईक त्यावर डबे खातात. समजुबांनी हट्ट धरला — घरी झोपाळ्याशिवाय घास उतरत नाही, इथेही तिथेच बसवा. बसवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंशी सुनेच्या तक्रारी सुरू झाल्या. डाव्या पायाने रेटा देत होत्या. उजवा समोर ताठ, काठीसारखा. जमिनीला टेकवतसुद्धा नव्हत्या.

थोड्या वेळाने हरसुखभाई येऊन बसले. तेही रुग्ण, ऑपरेशन समजुबांच्याच दिवशीचं, सकाळचं उत्तरही तेच, शून्य. ते दोन्ही पायांनी रेटत होते. बोलता बोलता, लक्षही नव्हतं. ऑपरेशनचा पाय मागे जात होता, गुडघा वाकत होता.

मी दाराशी किती वेळ उभी होते ठाऊक नाही. दक्षाबेन म्हणाल्या, "बेन, बसायचं असेल तर रांग लावा."

२४ जानेवारी

घाई नको. आधी साधे उपाय करून पाहिले. एकट्यात विचारलं, तरी मजेत. आकड्यांऐवजी हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रं दाखवली. एका काकूंनी सर्वांत हसरा निवडला आणि म्हणाल्या, "हा गोड आहे."

मीही त्यांच्यासाठी यजमानच आहे. तोंडाला शिष्टाचार असतो. पाय तो पाळत नाही.

२९ जानेवारी

सरांपुढे मांडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मांडीचा लुळेपणा उतरल्यावर, रुग्ण झोपाळ्यावर बसेल. समोर डॉक्टर नाही. संमती घेऊन फक्त गुडघ्याखालचा व्हिडिओ. ऑपरेशनच्या पायाने स्वतःहून रेटा दिला का, गुडघा किती वाकला, हे तपासायचं. तपासणाऱ्याला गट ठाऊक नसेल. मागे आधाराला एक माणूस, आणि झोका मोठा जाऊ नये म्हणून सळ्या आखूड.

"हे संशोधन आहे की लग्नाचा मांडव?" सर म्हणाले. "परदेशातले लोक वाचतील आणि विचारतील, झोपाळा कुठल्या कंपनीचा?"

"झोपाळ्याची लांबी-उंची देऊ, सर."

"आणि माप मध्येच बदलायचं? हरायला लागलं की नियम बदलायचे, गल्लीतल्या क्रिकेटसारखे?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, गटांचं गुपित उघडून मग बदललं तर ती लबाडी. अजून कोणीच उघडलेलं नाही. नवं माप समितीकडून मंजूर करून घेऊ, नव्या रुग्णांपासून मोजू, आणि शून्य ते दहासुद्धा आधीसारखंच विचारत राहू. दोन्ही छापू. झोपाळ्यावरही फरक दिसला नाही तर तेही छापू.

सरांनी खिशातून पेन काढलं. "सही कुठे करू?"

१२ मार्च

समितीने मान्य केलं. एका सदस्याने विचारलं, पुरुष बसतील का झोपाळ्यावर? तिघे सदस्य एकदम म्हणाले, आमच्या घरी आम्हालाच जागा मिळत नाही.

५ एप्रिल

मम्मी: मजेत. मे महिन्यात राजकोटला ये म्हटलं. "बसमध्ये कोण बसेल एवढा वेळ." पूर्वी द्वारकेपर्यंत उभी जायची.

१९ मे

बेचाळीस अंश. गॅलरीत वाळ्याचे पडदे लावले. वॉर्डात माझं नाव पडलं आहे, "पगवाळी बेन", पायवाली. चालेल.

३० जुलै

शेवटचा रुग्ण झोपाळ्यावर बसला. एकूण एकशे चार. व्हिडिओ तपासून झाले. आता गुपित उघडायचं. झोप नीट लागत नाही, त्याचं कारण ठाऊक आहे, म्हणून चिंता नाही.

१८ ऑगस्ट

उघडलं.

सरांची केबिन. डॉ. बुखारींनी यादी ठेवली, आकडेतज्ज्ञांनी पडद्यावर दोन खांब दाखवले. नवं इंजेक्शन: चारांपैकी तिघांनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनच्या पायाने रेटा दिला. जुनं: चारांपैकी एकाने. हा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता नगण्य. मग त्याच लोकांचे शून्य ते दहाचे आकडे. दोन्ही खांब बुटके, तंतोतंत सारखे.

मग सर म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं माझ्याशी सगळे खोटं बोलले?"

"खोटं नाही, सर. तुमचा मान राखला."

ते उठून गॅलरीत गेले. झोपाळ्यावर बसले, बूट काढले आणि एक रेटा दिला. परत येऊन म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांना नवं. आणि पगवाळी बेनचं नाव लेखात पहिलं."

मी "ठीक आहे" म्हणाले. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि हसले. जोरात! आरशात बघितलं तर अनोळखी बाई.

जिंकलो.

१९ ऑगस्ट

सरांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. दक्षाबेननी झोपाळ्याला हार घातला. मी विरोध केला. अर्धवट.

मम्मीला फोन केला. तिने विचारलं, "मग खरंच कमी दुखतं?" मी सांगितलं. इतर बोलणं झालं. ठेवता ठेवता पुन्हा, "खरंच कमी दुखतं का गं?" तिला संशोधनात रस आहे हे ठाऊक नव्हतं.

२७ ऑगस्ट

समजुबा परत आल्या होत्या, डाव्या गुडघ्यासाठी. जानेवारीत त्यांना जुनं मिळालं होतं, आता यादीवरून कळलं. या वेळी नवं. आज दुसरा दिवस. सरांनी "केम छो" विचारलंच नाही. म्हणाले, "चला बा, झोपाळ्यावर."

दोन्ही पायांनी रेटा. इतका की मागे आधाराला उभ्या मावशी ओरडल्या, "बा, विमान नाहीये!"

अभ्रा तपासला. चारही कोपरे कोरडे.

"या वेळी उंदीर आला नाही," समजुबा म्हणाल्या.

सर्व आकडे एकीकडे, हा अभ्रा एकीकडे.

२ सप्टेंबर

सातम-आठमची, जन्माष्टमीची सुट्टी. पहाटेच्या बसने सावरकुंडल्याला. पेढे घेतले. पिशवीत लेखाचा मसुदा, पहिलं नाव दिसेल असा वर.

४ सप्टेंबर

घरी झोपाळ्यावर गोधड्यांची चळत आहे. "बसायला वेळ कुठे मिळतो," मम्मी म्हणाली. कड्यांना तेल नाही. गंज आहे.

चळत उतरवली. तिला बसवलं, स्वतः स्वयंपाकघरात गेले आणि दारातून तिचे पाय पाहिले.

झोपाळा हलला नाही.

राजकोटची दोन तिकिटं काढली आहेत.