दहा वाजताची शांतता

ता. १

चि. ठमीस, आजीचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर बोलता येत नाही, कारण घर दोन खोल्यांचं आणि तुझ्या आजोबांचा गळा बिघडला तरी कान शाबूत आहेत.

घशाच्या डॉक्टरनं अठ्ठावीस तारीख दिली. स्वरयंत्र काढणार. चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत लिलाव पुकारलेला माणूस. ह्यांनी एक वार म्हटलं की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठायची. त्या आवाजाला मी जन्मभर शिव्या घातल्या. आता तो जाणार म्हटल्यावर तोच हवासा वाटतो. हे कुणाला सांगू नकोस.

इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी चारशे वाक्यांची यादी दिली आहे. ती ह्यांनी कॉम्प्युटरवर वाचून आवाज भरून ठेवायचा. मग ऑपरेशननंतर हे टाइप करतील आणि एक यंत्र ह्यांच्याच आवाजात बोलेल. नऊ तारखेपासून वाचायचंय. पण कॉम्प्युटर कोणता, तर तुझ्या काकानं टाकून दिलेला लॅपटॉप. बिजागरी मोडली म्हणून दोरीनं बांधलाय, आणि आत कुणी बोटं मोडत बसल्यासारखा कट्ट कट्ट वाजतो. वाचता वाचता तोच बसला तर? हे म्हणतात, बघू या आधी कोण जातं. मला असले विनोद आवडत नाहीत.

काय करायचं ते मला कळेल असं लिही. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, दुसरीत पाटी फुटली ती फुटलीच.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवत बसू नकोस. उत्तर लवकर धाड.

तुझी आजी

ता. ४

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं. आजोबा घाबरलेत का हे तू लिहिलं नाहीस, म्हणजे घाबरलेत.

कट्ट कट्ट वाजणं वाईट. सगळं साठवणारी आतली चकती म्हातारी झाली आहे. म्हणून रोजच्या वाचनाची प्रत त्याच दिवशी दुसरीकडे जायला हवी. त्यासाठी बॅकअपचं सॉफ्टवेअर असतं. मी तीन बघितली. एक इंटरनेटवरून कंपनीकडे प्रत ठेवतं. तुमचं नेट बघता आजोबांचं एक वाक्य पोचायला आठवडा लागेल. दुसरं चांगलं, पण इतक्या जुन्या लॅपटॉपवर चढतच नाही. तिसरं साधं, हलकं, फुकट. शेजारी वायरनं जोडलेल्या साठवणीच्या डबीत ते रोज ठरल्या वेळी प्रत करतं. तेच घेऊ. डबी कुरियरनं पाठवली आहे. खालच्या मोबाईलवाल्याला सोबतची चिठ्ठी दाखव, तो बसवून देईल.

एकच नियम: डबीतली प्रत उघडून कानांनी ऐकल्याशिवाय ती आहे असं मानायचं नाही.

आणि पाटी फुटली नव्हती. तू ती कुणाच्या तरी डोक्यात घातलीस असं काका सांगतो.

चार शब्द कमी लिही, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी ठमी

ता. १२

चि. ठमीस, आशीर्वाद.

डबी पोचली. साबणाच्या वडीएवढी वस्तू, तिच्यात म्हणे नवरा मावणार. मोबाईलवाला नऊ तारखेला दुपारी बसवून गेला. लॅपटॉप रोज किती वाजता चालू असतो असं त्यानं विचारलं. मी म्हटलं दहा ते अकरा, तेव्हाच ह्यांचा गळा मोकळा असतो. त्यानं साडेदहाची वेळ लावली. त्या दिवशीची पंचवीस वाक्यं डबीत घालून, परत काढून ऐकवली. नियम पाळला, आता ओरडू नकोस.

बाईंनी बजावलंय, वाचताना दुसरा आवाज नको. म्हणून दहाच्या ठोक्याला मी घर मुकं करते. फ्रिज बंद, पंखा बंद, घड्याळ उशांखाली. वरच्या शिवणवालीलाही मशीन थांबवायला सांगितलंय. ती डबीही मांजरासारखी घुरघुरते, म्हणून तिची वायर काढून तिला स्वयंपाकघरात ठेवते आणि अकराला परत लावते. मग दाराशी बसून ऐकते. यादीतली वाक्यं अशी: दार उघडं आहे. मला पाणी दे. आज बरं वाटत नाही. माणूस पुढच्या दुखण्याचं रडणं आधीच रडून ठेवतोय असं वाटतं.

कट्ट कट्ट वाढलंय. डबी आहे म्हणून झोप लागते.

लोभाचं तूच समजून घे.

तुझी आजी

ता. १७

चि. ठमीस, आशीर्वाद.

काल फोनवर मी नुसतं हो, हं, बरं करत होते, कारण हे समोर बसले होते. दहाला डबी काढतेस तर प्रत होते कधी, असं तू विचारलंस तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

हे आंघोळीला गेल्यावर मोबाईलवाल्याला बोलावलं. डबीत पंचवीस. नऊ तारखेची पंचवीस, पुढे काही नाही. साडेदहाला डबी रोज माझ्या पिठाच्या डब्याशेजारी, मीच ठेवलेली. तो म्हणाला घाबरू नका, लॅपटॉपमध्ये सगळं आहे, आत्ता हातानं उतरवतो. त्यानं सुरू केलं. कट्ट झालं, मग एक लांब कट्ट, मग पडदा काळा. दुरुस्तीवाल्यानं आज सांगितलं, चकती ओरखडली, काही निघणार नाही. पावणेदोनशे वाक्यं गेली, ठमे.

ह्यांना सांगावं लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. काही बोललेच नाहीत, आणि मला वाटलं, हं, आता घर असं असणार. मग यादी उचलून डोळ्यांपाशी धरली आणि दिवस किती उरले असं विचारलं. दहा.

बाईंनी स्वतःचा लॅपटॉप दिलाय. जुन्या पंचवीसांचा आवाज आताच्याशी जुळत नाही, म्हणून नवी दीडशे वाक्यं तरी हवीत म्हणतात. डॉक्टर म्हणतो, दिवसाला पंधरा वाक्यांच्या वर एक शब्द नको. हिशेब तुला येतो, एकही दिवस चुकून चालणार नाही. आणि आवाज तर आत्ताच फाटायला लागलाय.

शेण खाल्लं मी. आज लोभाबिभाचं लिहवत नाही.

आजी

ता. २०

ती. आजीस, सा. न. वि. वि.

शेण तू एकटीनं नाही खाल्लंस. वेळ चुकली की ते सॉफ्टवेअर तक्रार न करता दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसतं, हे मला ठाऊक होतं आणि मी लिहिलं नाही. फुकट आणि हलकं एवढंच बघितलं. नियमही अर्धाच सांगितला. एकदा ऐकून भागत नाही, रोज ऐकायचं.

बाईंच्या लॅपटॉपवर मोबाईलवाल्यानं आता दुसरं बसवलंय. डबी दिसली नाही तर ते घंटा वाजवतं. वेळ दुपारी एकची. दुसरी डबी येते आहे, ती शिवणवालीकडे ठेव. तिसरी प्रत मोबाईलवाला त्याच्या नेटवरून माझ्याकडे धाडेल. तीन वार झाल्याशिवाय माल सुटत नाही, हे आजोबांनीच मला शिकवलंय.

सत्तावीसला पोचते. रागाव, पण लोभ मोडू नकोस.

तुझी ठमी

ता. २३

चि. ठमीस, आशीर्वाद.

काल आवाजच फुटला नाही. तोंड हलत होतं, नुसती हवा. मी दाराशी बसून ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. गरम पाणी, वाफ, सगळं केलं. तेव्हा कुठे पाच वाक्यं झाली. दहा कमी पडली, आणि ती आता भरून निघायची नाहीत. प्रती तिन्ही ठिकाणी आहेत, रोज ऐकते. ऐकवत नाहीत, तरी ऐकते. तू लवकर ये.

आजी

ता. १५

चि. ठमीस, आशीर्वाद.

ऑपरेशन होऊन अडीच आठवडे झाले. तू गेल्यावर चौथ्या दिवशी बाई यंत्र घेऊन आल्या. एकशेचाळीस वाक्यांत जमलं तर जमलं, असं त्यांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. तू होतीस तोवर मी धीट होते. त्या दिवशी पुसलेली भांडी परत पुसत बसले.

हे एका बोटानं टाइप करत होते. गळ्याला पट्टी, तोंड उतरलेलं. इतका वेळ लागला की मला वाटलं, दुखतंय म्हणून लिहितायत. मग बटण दाबलं.

वखारीतला आवाज नाही तो, ठमे. तो त्या पावणेदोनशे वाक्यांबरोबर गेला. हा शेवटच्या दहा दिवसांतला, फाटका, भ्यालेला. बाई वरमून म्हणाल्या की जरा घोगरा निघाला. मी म्हटलं, असू दे, त्या दहा दिवसांत माझाही तसाच होता.

यंत्रानं विचारलं, डबी लावलीस का.

मी सांगितलं, लावली. परत बटण, परत तेच. शेवटी वर जाऊन शिवणवालीकडची डबी आणली आणि ह्यांच्या पुढ्यात आपटली, तेव्हा गप्प बसले.

दहाला घर मुकं करायची माझी खोड मात्र गेलेली नाही. काल फ्रिज बंद केला आणि दाराशी जाऊन बसले. यंत्र बोललं, फ्रिज चालू कर, दूध नासेल. केला.

लोभ तीन ठिकाणी ठेवावा, आणि रोज उघडून बघावा.

तुझी आजी