वंदीचे हात

३ डिसेंबर, बुध.
रविवारी देवपूरवाले येणार, वंदीला बघायला. मुलगाही आमच्या पोरीसारखाच, ऐकू येत नाही. छापखान्यात कामाला आहे. वं. हाताने काय बोलते ते मीच सांगणार, दुसरं कोण. पण धुळ्याच्या शाळेतून आल्यापासून एकच गोष्ट चार-चारदा करते. आज बाजाराचं सांगताना पिशवी इथे, पिशवी तिथे, पिशवी पलीकडे. धरले हात. कळलं म्हटलं, एकदा पुरे.

७ डिसें., रवि.
मुलगा आणि त्याची आई आले. पोहे, चहा. मुलगा नीट वाटला. त्याच्या आईने हातानेच विचारलं, तुझं काही म्हणणं? वं.ने केलं, मैत्रीण. परत मैत्रीण. मी हात धरले नि सांगितलं, शाळेतली एक मैत्रीण आहे, तिला लग्नाला बोलवा म्हणते.
बाई म्हणते, "ताई, पोरना हात सोडा ना! एक नही, बठ्ठ्या मैत्रिणी सांगी राहिनी ती."
सगळ्या म्हणे! माझ्याच घरात मला शिकवते.
वं.ने हात काखेत घातले ते पाहुणे जाईपर्यंत काढले नाहीत. शुक्रवारपर्यंत कळवा म्हणून गेले.

८, सोम.
विचारलं, मुलगा पसंत? भिंतीकडे बघते. जेवताना पण हात बंद. हे म्हणाले, "तू बोलणाऱ्याला बोलू देत नाही, तिला कुठून देशील?" वर हसले. स्वतः बावीस वर्षांत चार खुणा शिकले नाहीत.

९, मंगळ.
देवपूरच्या बाईला फोन. भांडायलाच केला होता. ती शांत. म्हणे एका जागी केलं तर एक, वेगवेगळ्या जागी केलं तर तितक्या. आणि हात गोल फिरवला की सगळ्या.
मी म्हटलं, आपण कसं, एक केळं, चार केळी, झालं काम. फोन ठेवल्यावर सुचलं, एक हात, दोन हात, त्यात कुठे काय बदलतं? तरी समजतं की.
म्हणजे दर वेळी मी तिला मध्येच अडवलं. पिशव्यांचं सोडा, बाकी काय काय राहिलं असेल

१०, बुध.
वं. पाठ करून जेवली.

१२, शुक्र.
सकाळी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मनगटापर्यंत हात पिठात. मानेनेच वं.ला म्हटलं, सांग. तिने माझे पिठातले हात बघितले. मग सुरू झाली. मैत्रीण, सहा जागी. मग हात फिरवला. मग शिलाई मशीन, ते एकच. मग घर इथे, घर तिथे. मग दोन बोटं, पुढे-मागे, पुढे-मागे. आम्ही दोघं म्हणते की आपण दोघी? तिचे धरायला मी हात उचलला होता, परत पिठात घातला. थांबेचना पोरगी. पीठ वाळलं.
तेवढ्यात देवपूरचा फोन. ह्यांनी माझ्या कानाला धरला. बाई म्हणे, "काय म्हणस पोर?"
म्हटलं, "सांगतेय अजून. थांबा जरा."