बांगड्यांच्या दुकानाचा मागचा खण

मी अमीरबी, मरहूम खाजामियाँ मणियार यांची बायको, वय अडुसष्ट, धंदा बांगड्या भरण्याचा, राहणार मुखेड. अल्लाहच्या कृपेने डोके ठिकाणावर आहे, डोळे थोडे अधू आहेत. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही; उलट जबरदस्ती करणारी मीच, हे माझी मुले सांगतील. राजीखुशीने लिहून ठेवते की,

१. आठवडी बाजाराच्या तोंडाशी असलेले तीन खणांचे दुकान माझ्या कमाईचे आहे. आमच्या शरियतीप्रमाणे मृत्युपत्राने एक तृतीयांशच देता येते. बाकीचे मुलगा नबील आणि लातूरला नांदणारी मुलगी मनतशा यांना रीतीप्रमाणे जाईल. त्यात मी बोट घालत नाही.

२. माझ्या तृतीयांशातला मागचा खण मी बाजाराला येणाऱ्या बायकांच्या शौचालयासाठी देते. अडचण एवढीच की तिकडे जाणारा बोळ मुलांच्या हिश्श्यातून जातो. नबीलला सगळे दुकान एकत्र विकायचे आहे. बोळाशिवाय त्या खणाचा काही उपयोग नाही. मी त्याला बंधन घालू शकत नाही, फक्त त्याच्याकडे मागू शकते.

३. कारणही सांगते. खेड्यांतून भाजी घेऊन येणाऱ्या बायका बाजारच्या दिवशी पाणी पीत नाहीत, कारण जायला जागाच नाही. मीही जन्मभर तेच केले. वॉर्डाच्या बैठकीत निधी कशाला लावायचा हे निघाले, तेव्हा मी हा विषय काढला. मोठे शेतकरी बालाजीराव म्हणाले, "आमच्या घरच्या बाया जीपनं येतेत अन् तासाभरात माघारी जातेत. कशाला पायजे?" कॉलनीतल्या वर्षाराणी मॅडम म्हणाल्या, "आम्ही घरपट्टी भरतो ती यांच्या घाणीसाठी? त्यापेक्षा बागेत कारंजं करा." त्यांचे घर बाजारापासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं. या सगळ्यांच्या लेकीसुनांचे हात धरून मी चुडे भरले आहेत. माणसे वाईट नाहीत, पण जो तो आपल्या अंगणातून गाव बघतो. शेवटी बाजारात जागाच नाही असे ठरले आणि कारंजे मंजूर झाले.

कोथिंबीर विकणारी धोंडाबाई मागे उभी राहून ऐकत होती. पुढच्या बाजाराला तिने पाटीच्या तळातून एक वीट काढली आणि माझ्या दुकानामागे ठेवली. "पैसा न्हाई माझ्यापाशी, अमीरबी. वीट हाय." मी हसले. मग दुसरी बाई आली, तिसरी आली. कोणी पडक्या भिंतीची वीट आणली, कोणी भट्टीवर मजुरीत मागून घेतलेली. डोक्यावरचे भाजीचे ओझे काय कमी असते? कोणी हाक दिली नव्हती, कोणी नावे लिहून घेतली नव्हती. आज तो ढीग माझ्या खांद्याच्या वर गेला आहे. दुकान बंद करताना मी त्याच्यासमोर उभी राहते आणि अंगावर काटा येतो. या डोळ्यांनी इतके मोठे दुसरे काही पाहिलेले नाही.

४. वर्षाराणी मॅडमवरचा राग मी सोबत नेत नाही, इथेच सोडून जाते. त्यांना हिरवा चुडा द्यावा. फीत कापायला मात्र बोलावू नये. गरज लागेल तेव्हा त्यांनी खुशाल आत यावे, कोणी अडवू नये.

पुरवणी: सह्यांसाठी आज नबीलला नांदेडहून बोलावले. बाजाराचा दिवस. तो गादीवर बसून हे वाचत होता, त्याची मोटारसायकल बोळाच्या तोंडाशी आडवी. एक म्हातारी डोक्यावर वीट घेऊन तिथेच थांबली. नबीलने उठून वीट उतरवून घेतली. ती एका बाजूने काळी होती.

"मावशी, ही कुठली?"

"माझ्या चुलीची हाय, लेकरा. आता गॅस आलाय न्हवं."

त्याने ती वीट स्वतः मागच्या ढिगावर नेऊन ठेवली. मग मला म्हणाला, "अम्मी, मरंपर्यंत कशाला थांबायचं? आज सगळं तुझंच हाय, जितेपणीच देऊन टाक. बोळबी दे." मनतशाला फोन लावला, तीही हो म्हणाली. त्याने गाडी काढून घेतली आणि म्हातारीमागे विटा घेऊन थांबलेल्या बायका बोळातून आत गेल्या.

सबब कलम २ मी माझ्या हाताने खोडत आहे. मागचा खण आणि बोळ मी आजच देऊन टाकले. मेल्यावर द्यायला ते माझ्याकडे उरलेले नाहीत.

ठिकाण: मुखेड, जि. नांदेड
तारीख: १४ फेब्रुवारी २०२५

अमीरबी खाजामियाँ मणियार (सही)

साक्षीदार:
१. चन्नबसप्पा, शेजारचे किराणा दुकानदार (सही)
२. धोंडाबाई, कोथिंबीर विक्री (डाव्या हाताचा अंगठा)