अंगठ्याखालचा ठोका

९ मार्च
नवऱ्याचा कुल्ला दाबता दाबता आज अंगठ्याखाली ठोका लागला. स्नायू ठोके देत नाही! आठ महिने सायटिका समजून दाबतेय — घरचीच फिजिओथेरपिस्ट, बाहेर कशाला जायचं? हात काढून घेतला.
"झालं?" म्हणाला.
झालं म्हटलं. जेवलो.

१० मार्च
त्याच पायाची दोन बोटं निळी. थंडगार. "मोजा घट्ट असेल," म्हणे!

११ मार्च
स्कॅन झालं. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. आईच्या पोटात असताना पायाला रक्त मागून, कुल्ल्यातून जातं. पुढे मांडीतली धमनी मोठी होते, मागची विरून जाते. याची विरलीच नाही. बेचाळीस वर्षं तीच पाय पोसतेय. आता तिचा फुगा झालाय, फुग्यात गुठळ्या. त्याच सुटून बोटांत अडकल्या. काही हजारांत एखाद्याला असतं म्हणे.
"म्हणजे लॉटरीच की!" नवरा म्हणाला. डॉक्टर हसले.
मग त्यांनी विचारलं, "तिथे कुणी मालिश-बिलिश केली होती का?"
"छे," नवरा म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी रिपोर्ट गोळा करून पिशवीत भरले.

१२ मार्च
कामावर गेले. सहा पेशंट. सहाही जणांना दाबायच्या आधी ठोका चाचपला. कंबरदुखीवाल्या आजी वैतागल्या, "अगं, काय शोधतेयस? कंबर तिकडे आहे!"

१४ मार्च
उद्या ऑपरेशन. दुसऱ्या पायातली शीर काढून रक्ताला नवा रस्ता करणार, मग फुगा बंद. नवा रस्ता चालला नाही तर पाय गुडघ्याच्या वर कापावा लागेल. सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं. रडूही येत नाही. मला काही वाटतच नाही की काय — त्याचीच भीती वाटते.

१५ मार्च
सहा तास. पाय वाचला. दोन बोटं गेली.

१६ मार्च
काही नाही. खुर्चीत बसून होते.

१९ मार्च
सांगून टाकलं एकदाचं. "माझ्या दाबण्यानंच गुठळ्या सुटल्या असतील."
"असतील. तू दाबलंस की जास्तच दुखायचं. पहिल्या दिवसापासून."
"मग बोलला का नाहीस?"
"एरवी तू जवळ कुठे येतेस?"