फरशी बसवण्याआधी

प्रिय धाकटे,

परवा भाऊजी उभ्याउभ्या येऊन गेले. बोलता बोलता म्हणाले, मागच्या अंगणात फरशी बसवतोय, सोमवारी गवंडी येणार. मी विचारलं, मग भाजीच्या वाफ्याचं काय? तर म्हणे, तीच म्हणते की माझ्या हाताला काही येत नाही, उगाच माती कशाला राखायची. दोन वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही, तरी एवढं पत्र शेवटपर्यंत वाच, आणि गवंड्याला थांबव.

तुझ्या अंगणात दिवसभर ऊन असतं. तिथे भोपळाच लाव, आणि दोन्ही तऱ्हेचा लाव. कोवळा खायला झुकिनी. तिचा वेल पसरत नाही, झुडपासारखी जागच्या जागी फोफावते, दोन हात अंतर पुरे. पन्नास दिवसांत फळ धरतं. वीतभर झालं की काढायचंच, चार दिवस विसरलीस तर उशीएवढं होतं आणि आत नुसत्या बिया. झाडं दोनच हं! मी एकदा सहा लावली, तर शेवटी शेजारीण मला पाहून खिडकी लावून घ्यायला लागली. साठवणीला तो बदामी रंगाचा, लांब मानेचा भोपळा घे. त्याला चार महिने लागतात, कुंपणावर चढव आणि विसरून जा. सालीत नख रुतेनासं झालं की देठासकट काप. गेल्या हिवाळ्यात आमच्या पलंगाखाली अकरा होते. हे रोज सकाळी वाकून विचारायचे, भोपळ्यांची हरकत नसेल तर माझ्या चपला घेऊ का. मोठा केशरी मात्र नको. दोन माणसांच्या घरात तो एकदा कापला की आठवडाभर पिच्छा सोडत नाही, आणि टाकवत तर मुळीच नाही.

आणि बी विकत आण. हो, हे मीच लिहितेय, पुड्याची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवणारी. घरच्या भोपळ्याचं बी धरायचं तर शेजारी काय लावलंय ते बघावं लागतं. मी झुकिनीला लागूनच फाटकाशी ते शोभेचे ठिपक्यांचे छोटे भोपळे लावले होते, आठवतात? रोपवाटिकेतल्या म्हाताऱ्याने सांगितलं, की दोन्ही एकाच कुळातले. मधमाशी इकडची तिकडे जाते. त्या वर्षीचं फळ गोडच लागतं, कडूपणा उतरतो तो बियांत. तेच बी मी धुऊन, वाळवून, पुडीवर तुझं नाव घालून तुला दिलं होतं.

तुझी सगळी फळं कडू जहर निघाली, भाऊजी दोन दिवस पोट धरून झोपले, आणि तू मला विचारायला आलीस, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, बी माझं आहे, त्यात खोट असणार नाही, तुझ्या हातालाच गुण नाही. तू चपला घालून निघून गेलीस. आता जे लिहायला बसले ते लिहिते. म्हाताऱ्याने मला हे काल सांगितलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात मी, तुझी पुडी भरली होती त्याच डब्यातलं बी पेरलं. पहिलंच फळ चाखलं आणि थुंकले. हे घरी यायच्या आत सगळी झाडं उपटून खड्ड्यात पुरली, आणि वर्षभर गप्प राहिले. रोज देवापुढे कबूल करत होते, आणि वाटायचं, फिटलं. पण मी देवाच्या हाताला कुठे नावं ठेवली होती? तुझ्या हाताला ठेवली होती. तुझा हात चांगला आहे, धाकटे. हे मी सगळ्यांदेखतही सांगेन, तू म्हणशील त्या दिवशी.

चुकलेली, तरी तुझीच,
थोरली